बॉबी रश: सत्तर वर्षांची कारकीर्द दीड तासाच्या श्रवणसत्रात कशी बसवावी?

सूरपेटी

नमस्कार मंडळी,

आमच्या श्रवणमंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी अमेरिकेतले कृष्णवर्णीय ब्लूज गायक बॉबी रश हा विषय पक्का झाला आहे. दीड तास, तीसेक श्रोते. बहुतेकांचे कान ख्याल-ठुमरी आणि जुन्या हिंदी गाण्यांवर घडलेले. ब्लूजमधली बी. बी. किंग आणि बडी गाय ही नावं त्यांना ठाऊक आहेत, दुसरं तर मेहबूब स्टुडिओतल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवामुळेच. रश यांचा सोल-ब्लूज (ब्लूज आणि चर्चच्या ढंगाचं सोल गाणं यांचा मेळ) हा प्रकार मात्र जवळजवळ सगळ्यांना नवा.

तयारी करताना काही गाठी सुटत नाहीत. जन्मसाल कुठे १९३३ दिसतं, कुठे १९४०. ‘चिकन हेड्स’ हे त्यांचं गाणं शोधलं तर निरनिराळी ध्वनिमुद्रणं समोर येतात, त्यातलं मूळ कोणतं? पहिलं गाजलेलं गाणं १९७१ चं आणि पहिला ग्रॅमी २०१७ चा, तर मधली ४६ वर्षं श्रोत्यांना कशी समजावायची? शिवाय मंडळातले एक सदस्य हार्मोनिका छान वाजवतात आणि त्यांना प्रात्यक्षिक द्यायचं आहे. पण त्यांच्या २४ छिद्रांच्या वाद्यावर तो रडवेला, घसरता सूर काही केल्या निघत नाही. शेवटचा प्रश्न रश यांच्या रंगमंचावरच्या चावटपणाचा. श्रोते सहकुटुंब येतात.

जाणकारांनी मार्ग दाखवावा.

तबकडी

विषय सुंदर निवडला आहे. आधी सनावळी नीट लावू, कारण ती घोटाळली की पुढचं सगळं घोटाळतं.

जन्मसाल १९३३ धरा: १० नोव्हेंबर, लुइझियानातल्या होमर गावाजवळ, मूळ नाव एमेट एलिस (धाकटे). वयाचा घोळ त्यांनी स्वतःच घातला. आर्कान्सामधल्या पाइन ब्लफला असताना दारूच्या अड्ड्यांत वाजवायला मिळावं म्हणून हा पोरगा जळक्या काडीच्या काजळीने मिशी काढून वय वाढवून सांगायचा. नाव बदललं ते वडिलांच्या मानासाठी. वडील चर्चमध्ये प्रवचन करायचे आणि त्यांचंच नाव घेऊन ब्लूज गाणं मुलाला बरं वाटेना. या दोन गोष्टी श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगा. पुढची सगळी ओढाताण, शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ, त्यात आली.

पाइन ब्लफला गिटारवादक एल्मोर जेम्स यांची संगत, मग पन्नाशीच्या दशकात शिकागो. तिथे गायक-गिटारवादक मडी वॉटर्स आणि हार्मोनिकावादक लिटल वॉल्टर यांच्या सावलीत वाढ झाली. लूथर ॲलिसन आणि फ्रेडी किंग यांच्यासारखे गिटारवादक कधीमधी त्यांच्या वाद्यवृंदात असायचे. शिकागोच्या आसपास गोऱ्यांच्या क्लबात वाद्यवृंदाला पडद्याआडून वाजवावं लागल्याचं ते सांगतात: संगीत हवं, माणसं दिसायला नकोत.

आता ‘चिकन हेड्स’. मूळ ध्वनिमुद्रण १९७१ चं, गॅलक्सी कंपनीची ४५ फेऱ्यांची तबकडी. निर्माते कॅल्विन कार्टर, पूर्वीच्या व्ही-जे कंपनीतले. बिलबोर्डच्या रिदम ॲण्ड ब्लूज यादीत ते ३४ व्या क्रमांकापर्यंत चढलं. २०२१ मध्ये पन्नाशीनिमित्त बडी गाय, गव्हर्न्मेंट म्यूल आणि किंगफिश इन्ग्राम यांच्याबरोबर ते नव्याने ध्वनिमुद्रित झालं. ती आवृत्ती स्वच्छ आणि भरीव वाजते, म्हणून लोक तीच लावतात आणि मग १९७१ बद्दल बोलतात. ही चूक टाळा. मूळ हवं असेल तर २०१५ साली ऑम्निव्होरने काढलेला चार सीडींचा संच किंवा ‘ब्लॅक स्नेक मोन’ या चित्रपटाचा गाण्यांचा संग्रह पाहा.

या गाण्यात काय ऐकायचं तेही सांगून ठेवतो. बारा बारचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा नेहमीचा ब्लूज इथे शोधू नका. बेसचा एक आखूड तुकडा आवर्तनासारखा फिरत राहतो आणि त्यावर गाणं अर्धं म्हटलं, अर्धं बोललं जातं. त्यांनीच याला ‘फोक फंक’ असं नाव दिलं. ख्यालाच्या श्रोत्याला हे चटकन उमगेल: लेहरा धरून ठेवायचा आणि सगळी गंमत त्यावरच्या बोलांच्या मांडणीत.

पुढचे टप्पे भराभर घ्या. १९७९ ला ‘रश अवर’ हा आल्बम, फिलाडेल्फिया इंटरनॅशनलसाठी, निर्माते लिऑन हफ. मोठी कंपनी, चकचकीत ध्वनी, पण कारकिर्दीला म्हणावा तसा धक्का मिळाला नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मिसिसिपीतल्या जॅक्सनला मुक्काम हलवला आणि लाजॅम या छोट्या कंपनीसाठी ‘सू’ हे गाणं आलं. इथून खरा बॉबी रश सुरू होतो असं माझं स्पष्ट मत आहे. १९९१ चं ‘आय एन्ट स्टडिन यू’ आणि १९९५ चं ‘वन मंकी डोन्ट स्टॉप नो शो’ हे त्याच वाटेवरचे मैलाचे दगड. शीर्षकं दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या रोजच्या बोलण्यातून उचललेली आहेत. ‘स्टडिन’चा अभ्यासाशी संबंध नाही, ‘मी तुला मोजतच नाही’ एवढाच अर्थ. हे सांगितलं नाही तर श्रोते वेगळंच काही समजून बसतील.

मागचा_बाक

तबकडी यांनी सनावळी दिली, मी त्या ४६ वर्षांच्या पोकळीबद्दल लिहितो. ती पोकळी आपल्याला दिसते, कारण आपण गोऱ्यांच्या मासिकांतून आणि पुरस्कारांच्या याद्यांतून पाहतो. त्या काळात हा माणूस जवळजवळ दर आठवड्याला कुठे ना कुठे भरलेल्या सभागृहात गात होता.

त्या मार्गाला ‘चिटलिन सर्किट’ म्हणतात. डुकराच्या आतड्यांचा एक स्वस्त पदार्थ असतो, त्यावरून हे नाव. वंशभेदाच्या कायद्यांच्या काळात कृष्णवर्णीय कलावंतांना जिथे गाता येत असे, अशा नाट्यगृहांची, क्लबांची, रस्त्याकडेच्या अड्ड्यांची ही साखळी. वरच्या टोकाला हार्लेमचं अपोलो, शिकागोचं रीगल, वॉशिंग्टनचं हॉवर्ड. खालच्या टोकाला मिसिसिपीतल्या इंडियनोलाचा क्लब एबनी आणि नाव नसलेल्या शेकडो खोल्या. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर मोठी नाट्यगृहं हळूहळू ओस पडली, पण दक्षिणेतला खालचा मार्ग चालू राहिला. सोल-ब्लूज त्यावर जगला.

गोऱ्या श्रोत्यांमध्ये ब्लूजची आवड साठच्या दशकात वाढली तेव्हा त्यांना एकट्याने गिटार घेऊन बसलेला म्हातारा किंवा लांबलचक गिटार वाजवणारा तरुण हवा होता. ब्रास वाद्यं, चमकते सूट, चर्चच्या ढंगातली हाक, नवराबायकोच्या भांडणाची गाणी हे त्यांना ‘अस्सल’ वाटेना. बॉबी ‘ब्लू’ ब्लांड यांचंच पाहा. १९५७ मध्ये ‘फार्दर अप द रोड’ रिदम ॲण्ड ब्लूज यादीत पहिलं आलं, जो स्कॉट यांच्या वाद्यरचनांनी १९६१ चा ‘टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज’ हा आल्बम अजरामर झाला, आणि तरी गोऱ्या श्रोत्यांत बी. बी. किंग यांच्याइतकी ओळख त्यांना कधी मिळाली नाही. ब्लांड गिटार वाजवत नव्हते, नुसते गात. त्यांची ती घशातून काढलेली घोगरी आरोळी रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांच्या प्रवचनांतून आलेली. सत्रात ब्लांड यांचं एक गाणं जरूर ठेवा, म्हणजे रश कोणत्या घराण्यातले ते कळेल.

डिस्कोच्या लाटेत हा प्रकार संपला असं मोठ्या कंपन्यांनी ठरवून टाकलं होतं. जॅक्सनच्याच मलाको कंपनीने ते खोटं पाडलं. झेड. झेड. हिल यांच्या १९८२ च्या आल्बममधलं ‘डाउन होम ब्लूज’ दक्षिणेत घरोघरी वाजलं, आणि चाळिशी-पन्नाशीतला कष्टकरी कृष्णवर्णीय श्रोता अजून पैसे खर्च करून तबकडी घेतो हे सिद्ध झालं. मग ब्लांड, लिटल मिल्टन, डेनिस लासाल सगळे मलाकोत आले. रशही नव्वदच्या दशकात मलाकोच्याच वॉल्डॉक्सी या शाखेत होते.

त्यांनी जॅक्सनला जाणं मला म्हणूनच फार शहाणपणाचं वाटतं. नकाशा उघडा. जॅक्सनहून न्यू ऑर्लिन्स सुमारे ३०० किलोमीटर, मेम्फिस सुमारे ३४०, बर्मिंगहॅम ३८० च्या आसपास. संध्याकाळी बस काढली, कार्यक्रम केला, पहाटे घरी. शिकागो तिथून बाराशे किलोमीटर. गिऱ्हाईक जिथे आहे तिथेच दुकान थाटलं त्यांनी.

आता हिशोब. हा भाग श्रोत्यांना आवर्जून सांगा, कारण वाद्यवृंद टिकतो की मोडतो ते इथे ठरतं. आकडे समजण्यापुरते घेतो. ३०० तिकिटं, प्रत्येकी १५ डॉलर, गल्ला ४५००. कलावंताचा वाटा ७० टक्के ठरला असेल तर ३१५०. त्यातून आठ वादक आणि तीन नर्तकी, प्रत्येकी १५० प्रमाणे १६५० गेले. उरले १५००. डिझेल, बसची देखभाल, खोल्या, कपडे, आणि मग नायकाचं घर. पाऊस पडला आणि १५० च लोक आले तर वाटा १५७५ होतो, आणि वादकांचेही पैसे पुरे पडत नाहीत. म्हणून टक्केवारीबरोबर किमान हमीची रक्कम लिहून घ्यायची, तिच्यातली निम्मी तारखेआधी हातात घ्यायची, आणि दारावर आपला माणूस उभा करून डोकी मोजायची. हे न करणारे गवई या मार्गावर टिकले नाहीत. दारात पैसे मोजले जातात आणि मागच्या दाराने संयोजक निघून जातो, ही फसवणूक इतकी सर्रास होती की पैसे हातात आल्याशिवाय शेवटचा भाग सुरू करायचा नाही अशी शिस्त अनेकांनी लावून घेतली.

दुसरी मेख हक्कांची. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला नाही. त्यामुळे दुसऱ्याचं गाणं गाऊन गाजलेला गायक म्हातारपणी रिकाम्या हाताने राहतो. रश आपली गाणी बहुतेक स्वतःच लिहीत आले आणि २००३ मध्ये त्यांनी ‘डीप रश’ ही स्वतःची कंपनी काढली. वय सत्तर. त्या वयात लोक जुन्या गाण्यांची पुनर्मुद्रणं काढतात, यांनी नवं दुकान काढलं. पुढे वितरण मोठ्यांकडे दिलं तरी मालकीची दोरी हातात ठेवली.

दहाछिद्री

हार्मोनिकाबद्दल लिहितो. २४ छिद्रांचं ते वाद्य ट्रेमोलो जातीचं आहे. त्यात एका सुरासाठी दोन पात्या किंचित वेगळ्या लावलेल्या असतात म्हणून आवाज थरथरतो, हिंदी गाण्यांना तो शोभतो. पण सूर वाकवायला (बेंड करायला) एकाच खोबणीत एक फुंकायची आणि एक ओढायची अशा दोन पात्या समोरासमोर असाव्या लागतात. ओढताना एक पाती मंदावते आणि दुसरी जागी होते, त्यातून घसरता सूर निघतो. ट्रेमोलोत प्रत्येक खोबणीत एकच पाती असते. वादक कितीही तयार असला तरी ते वाद्य वाकणार नाही. सगळे बारा सूर देणाऱ्या क्रोमॅटिक हार्मोनिकावरही हे तसं जमत नाही, कारण तिथे हवा अडवणाऱ्या पट्ट्या लावलेल्या असतात.

दहा छिद्रांची डायटॉनिक घ्या. होनर स्पेशल २० पुरेशी. तिचं आतलं अंग प्लास्टिकचं असतं, ओलाव्याने फुगत नाही. मरीन बँड १८९६ चा आवाज जास्त कडक आहे, पण तिचं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि ओठ सोलतं.

कोणत्या पट्टीची? गाण्याच्या सा चा जो म, ती हार्मोनिकाची पट्टी. गाणं पांढरी पाचमध्ये (जी) असेल तर पांढरी एकची (सी) हार्मोनिका. गाणं पांढरी तीनमध्ये (ई) असेल तर पांढरी सहाची (ए). याला क्रॉस हार्प म्हणतात. नवशिके गाण्याच्याच पट्टीचं वाद्य घेतात आणि सगळं प्रार्थनागीतासारखं गोड वाजतं, ही पहिली चूक.

सी ची हार्मोनिका आणि सा म्हणजे जी धरून मांडणी अशी बसते. छिद्र २ ओढलं की सा. ३ ओढलं की शुद्ध ग, आणि तेच वाकवलं की कोमल ग, आणखी खाली रे, त्याखाली कोमल रे. ४ फुंकलं की म. ४ ओढलं की प, वाकवलं की तीव्र म. ५ ओढलं की कोमल नी. ६ फुंकलं की तार सा. छिद्र १ ओढलं की मंद्र प.

म्हणजे ब्लूजची सुरावट सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. तीव्र म बाजूला ठेवला तर हे धानीचेच सूर. तुमच्या श्रोत्यांना हे सांगा, पण त्याला राग म्हणू नका. इथला ग कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी तरंगतो आणि मुद्दाम तरंगत ठेवतात. ३ नंबर अर्धवट वाकवून तिथे थांबता येणं हाच सगळा रियाझ.

वाकवताना जोराने ओढू नका. जोर लावला की पाती गुदमरते आणि काही महिन्यांत ४ किंवा ५ नंबरची उतरते. तोंडात ‘ई’ म्हणत ओढायला सुरुवात करा आणि हवा तेवढीच ठेवून जिभेचा मागचा भाग ‘ऊ’कडे न्या. सूर खाली घसरेल. ४ नंबरवर आधी शिका, तो सोपा. २ नंबर ओढताना पहिले काही दिवस आवाजच फुटत नाही आणि लोक दुकानात परत नेतात. वाद्य चांगलं असतं, घसा आवळलेला असतो.

प्रात्यक्षिक मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर करू नका. जुन्या तबकड्या पट्टीपासून किंचित चढ्या-उतरत्या असतात आणि हार्मोनिका जागच्या जागी जुळवता येत नाही. तानपुऱ्याचं ॲप जी मध्ये सा-प लावा, टाळ्यांवर ठेका धरा. एकाच सुरावटीवर फिरणाऱ्या फोक फंकला तानपुरा चक्क चालतो.

बारा बारचा ब्लूज दाखवायचा असेल तर गिटारवाला लागेल: जी चार बार, सी दोन, जी दोन, मग डी एक, सी एक, जी एक, डी एक. सी वर १ ते ३ छिद्रं फुंकली की झालं. डी वर नुसता ४ किंवा १ ओढून धरा. ५ नंबर तिथे लांबवला तर गिटारच्या शुद्ध नी शी भांडतो.

सूरपेटी

फारच उपयोगी. दहाछिद्री, आमच्या वादकांना तुमचा मजकूर तसाच पाठवला, त्यांनी स्पेशल २० मागवलीही. दोन गोष्टी राहिल्या. ‘डिडली बो’ नावाच्या एकतारी वाद्यावर रश लहानपणी शिकले असं वाचलं, ते बैठकीत बनवून दाखवता येईल का? आणि चावटपणाचं काय करावं?

दहाछिद्री

येईल, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यांनी घराच्या भिंतीवर झाडूला बांधलेली तार ठोकली होती आणि खाली वीट-बाटली सारून ती ताणली होती. तुम्ही फळी घ्या: मीटरभर लांब, १० सेंटिमीटर रुंद, निदान २ सेंटिमीटर जाड. पातळ फळी वाकते आणि सूर उतरतच राहतो. दोन्ही टोकांना स्क्रू, मध्ये गिटारची साधी, वेटोळं नसलेली जाड पोलादी तार. एका टोकाशी काचेची बाटली आणि दुसऱ्या टोकाशी छोटी बरणी तारेखाली सरकवा. मोकळी तार बरोबर ९० सेंटिमीटर राहील असं बघा. बाटली सरकवताना डोळ्यांवर चष्मा हवाच, तार तुटली तर चाबकासारखी येते.

आता फळीवर पेन्सिलने खुणा करा, मोजमाप बरणीच्या टोकापासून: १५ सेंटिमीटरवर कोमल ग, १८ वर शुद्ध ग, २२.५ वर म, ३० वर प, ३९ च्या आसपास कोमल नी, ४५ वर तार सा. उजव्या हाताने तार छेडायची, डाव्या हातातली दुसरी बाटली तारेवर अलगद टेकवून सरकवायची. दाबू नका, दाबली की तार फळीला लागून खडखडते. १५ आणि १८ च्या मधल्या तीन सेंटिमीटरांत बाटली हलवत ठेवा. ब्लूजचा ग तिथे राहतो, आणि तुमच्या श्रोत्यांना तो डोळ्यांनी दिसेल. आवाज बारीक येतो, तेव्हा फळी लाकडी टेबलावर टेकवा.

तबकडी

चावटपणाबद्दल माझं मत ठाम आहे: तो गाळू नका, आधी सांगून दाखवा. पाठमोऱ्या नर्तकी, भलीमोठी चड्डी फडकावणं, बायको-मेहुणीवरचे टोमणे हे सगळं त्या खेळाचं अंग आहे. तमाशातली बतावणी काढून नुसत्या लावण्या ऐकवाव्यात, तसं होईल ते. शिवाय त्याचा रंगमंचावरचा उपयोग समजून घ्या. नर्तकी पुढे आली की वाद्यवृंद तोच तुकडा फिरवत राहतो, गायकाला दम खाता येतो, कपडे बदलता येतात. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा लांबलचक खेळ अशाच जागांवर उभा असतो. ज्यांना हे स्त्रियांना उणं लेखणारं वाटतं त्यांची हरकतही बैठकीत मोकळेपणाने बोलली जावी. ती हरकत खोटी नाही.

सहकुटुंब बैठकीसाठी रिचर्ड पीअर्स यांच्या ‘द रोड टू मेम्फिस’मधला भाग निवडा. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या २००३ च्या ब्लूजवरच्या सात माहितीपटांतला हा एक. त्यात रश बसमध्ये, रंगमंचावर आणि नंतर रविवारी चर्चमध्ये, असे तिन्ही ठिकाणी दिसतात. मुलांसमोर दाखवायचा तुकडा आधी स्वतः पाहून वेळ टिपून ठेवा.

दुसरं टोक म्हणजे २००७ चा ‘रॉ’ हा आल्बम. गिटार, हार्मोनिका आणि पायाचा ठेका, बास. नर्तकी नाहीत, ब्रास नाही. अनेक गोऱ्या समीक्षकांनी त्यांना गंभीरपणे घेतलं ते अशा कामामुळे, आणि मला त्यात थोडी खंत वाटते, कारण ‘सू’ म्हणणारा माणूस काही कमी गंभीर नव्हता. रश यांचं स्वतःचं म्हणणं असं की आपण गोऱ्या श्रोत्यांपर्यंत गेलो, पण आपल्या लोकांना सोडून नाही. वर्षाच्या एका आठवड्यात महोत्सवात एकटे आणि पुढच्या आठवड्यात जॅक्सनजवळ सगळ्या ताफ्यासह, हे त्यांनी खरोखर करून दाखवलं.

ग्रॅमीचाही खुलासा करा. २०१२ ते २०१६ या समारंभांत पारंपरिक आणि समकालीन ब्लूजचे वेगळे पुरस्कार एकत्र करून एकच ठेवला होता. ‘डाउन इन लुइझियाना’ आणि ‘डिसिजन्स’ या आल्बमना त्या काळात नामांकन मिळालं, पुरस्कार नाही. २०१७ ला दोन्ही पुन्हा वेगळे झाले आणि ‘पॉर्क्युपाइन मीट’ पारंपरिक गटात जिंकला. स्कॉट बिलिंग्टन यांनी तो न्यू ऑर्लिन्सला ध्वनिमुद्रित केला, राउंडर कंपनीसाठी. तेव्हा वय ८३. मग २०२१ ला ‘रॉअर दॅन रॉ’, वय ८७. मग २०२४ ला ‘ऑल माय लव्ह फॉर यू’, वय ९०.

मागचा_बाक

वेळेची आखणी सुचवतो. पहिली १५ मिनिटं डिडली बो, काजळीची मिशी, वडिलांचं चर्च. मग १५ मिनिटं शिकागो आणि १९७१ चं ‘चिकन हेड्स’, दोनदा: एकदा नुसतं, एकदा बेसकडे लक्ष देऊन. फिलाडेल्फियाला ५ मिनिटं पुरे, ‘आय वॉना डू द डू’चा एक तुकडा. पुढची २० मिनिटं जॅक्सन, ब्लांड, मलाको, ‘सू’, आणि तो तिकिटांचा हिशोब फळ्यावर. हार्मोनिकाला १०. माहितीपटाला १०. शेवटची १५ ‘रॉ’पासून आजपर्यंत.

२००१ चा बसचा अपघात गाळू नका. फ्लोरिडात प्रवासात असताना झाला, ताफ्यातली एक नर्तकी दगावली, इतर जखमी झाले. रात्रीच्या बसप्रवासांची किंमत सांगताना ती मिशी आणि ती चड्डी एवढंच सांगून चालणार नाही. मिनिटभरच बोला, पण माहितीपटाआधी बोला. मग पडद्यावरची बस वेगळी दिसते.

गाणी ब्लूटूथच्या डबीवर वाजवू नका. ‘चिकन हेड्स’चा जीव बेसमध्ये आहे आणि छोट्या स्पीकरवर तो गायबच होतो, मग श्रोते विचारतात की यात आहे काय. निदान आठ इंची स्पीकरची जोडी, तारेने जोडलेली. १९७१ ची तबकडी आणि २०१६ चा आल्बम यांच्या आवाजाच्या पातळीत मोठा फरक आहे. आदल्या दिवशी प्रत्येक गाण्याची पातळी ठरवून कागदावर लिहून ठेवा, नाहीतर ‘पॉर्क्युपाइन मीट’ लागताच पुढच्या रांगेतले कान झाकतील.

तबकडी

आखणी उत्तम. एकच बदल सुचवतो: शेवटी ‘रॉअर दॅन रॉ’मधलं ‘डस्ट माय ब्रूम’ ठेवा. रॉबर्ट जॉन्सन यांचं गाणं, एल्मोर जेम्स यांनी गाजवलेलं. पाइन ब्लफला ज्यांच्याबरोबर हा मुलगा काजळीची मिशी लावून उभा राहायचा, ते हेच एल्मोर. सुरुवातीला त्यांचा उल्लेख करून ठेवा आणि शेवटी काही न बोलता गाणं लावा. डिडली बोची फळी तोवर टेबलावरच असू द्या.